मागच्या खोलीतला आवाज

४ फेब्रुवारी

चि. ठोक्यास आशीर्वाद.

आपलं घर पुन्हा विकलं गेलं. आधी पोस्टमनने सांगितलं, पण त्याच्या बातम्या निम्म्याच खऱ्या असतात, म्हणून मी गप्प बसले. काल घर घेणाऱ्या बाई स्वतःच माझ्या शिवणाच्या दुकानात आल्या आणि त्यांच्या तोंडून खात्री झाली. बँकेकडून ज्याने घेतलं होतं, तो परदेशात असतो. अकरा वर्षांत एक दिवस राहिला नाही, कुलूप लावून मोकळा. त्याच्याकडून या बाईंनी घेतलं. त्या नृत्य शिकवतात. वर राहणार आणि खाली वर्ग चालवणार.

मला म्हणाल्या, "नऊ खिडक्या आहेत, पडदे शिवून द्याल?"

मी म्हणाले, "आठ."

त्या बघतच राहिल्या. मग मी सारवासारव केली, की तशा घरांना साधारण आठ असतात. न्हाणीघराची धरायची विसरले होते. अकरा वर्षांत निदान एक खिडकी विसरले, ही प्रगतीच म्हणायची.

मी कोण ते सांगितलं नाही. अप्पांनाही घर विकल्याचं सांगितलेलं नाही. त्यांचं तसंच चाललंय. दवाखान्यात जायचं तर अजून त्या घराची गल्ली टाळून बाजाराला वळसा घालतात. या दोन खोल्यांत अजूनही एक खिळा ठोकू देत नाहीत, दुसऱ्याची भिंत आहे म्हणतात. कॅलेंडर खुर्चीवर बसलेलं असतं आणि माणसं उभी.

तू काही फोन बाळगणार नाहीस. कर्जाचे वसुलीवाले आता तुला विसरलेसुद्धा असतील, पण तू त्यांना सोडत नाहीस. म्हणून हे पत्र. काम घेऊ की नको?

तुझी,
ताई


८ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न.

काम घेऊ नकोस. आपल्याच घराचे पडदे आपण दुसऱ्यासाठी शिवायचे, हे काही बरं दिसत नाही. त्या घराशी आपला संबंध संपला. अप्पांना तर मुळीच सांगू नकोस.

इकडे एका हॉटेलचं काम चालू आहे, तीन मजले फरशी. मुकादम खूश आहे.

खाली वर्ग म्हणजे कुठल्या खोलीत? पुढच्या की मागच्या? मुली किती आणि केवढ्या? तेवढं कळव.

तुझा,
ठोक्या


१३ फेब्रुवारी

चि. ठोक्यास आशीर्वाद.

तुझं पत्र यायच्या आत मी मापं घेऊन आले होते. आता ओरडून उपयोग नाही. आणि घराशी संबंध संपला म्हणणाऱ्याने खोली कुठली हे विचारू नये.

मागची खोली. मुली बावीस, सात ते बारा वर्षांच्या.

दारातून आत पाऊल टाकण्याआधी मी पायरीवर दोनदा चप्पल काढली-घातली, खोटं कशाला सांगू. पण बाई मोकळ्या आहेत. बोलता बोलता टेप धरायला आल्या, दुसरं टोक त्यांनीच धरलं. मागच्या खोलीत नेलं आणि म्हणाल्या, "मी हे घर का घेतलं ते दाखवते. ऐका." आधी पुढच्या खोलीत जाऊन त्यांनी पाऊल आपटलं. थप्प, बस. मग मागच्या खोलीत मधोमध उभ्या राहून तेच पाऊल आपटलं. ठोक्या, आवाज असा घुमला की खिडकीची काच थरथरली. "एवढी घरं पाहिली," म्हणाल्या, "पण अशी बोलणारी जमीन कुठे मिळाली नाही. बावीस जणींनी एकदम ठेका धरला की काय होईल, विचार करा!"

आणि त्यांनी तुझी स्तुती केली, म्हणजे तू आहेस हे ठाऊक नसताना. म्हणाल्या, "सांधा शोधून सापडत नाही. कोणी बसवली असेल हो ही फरशी?" मी तोंडात टाचण्या धरल्या होत्या म्हणून वाचले. नाहीतर सांगितलं असतं, की माझ्या भावाने, दिसेल त्या जमिनीवर थापीच्या मुठीने ठोकत फिरायचा म्हणून त्याला आम्ही ठोक्या म्हणतो.

भर दुपारी ती खोली गार होती. आईचा पलंग होता तिथे तर पायांना गारवा जाणवत होता. मी तिथे थोडी जास्तच वेळ उभी राहिले.

तुझी,
ताई


१७ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न.

ताई, मी सांगतो ते नीट ऐक आणि प्रश्न विचारू नकोस. बाईंना सांग की वर्ग पुढच्या खोलीत घ्या. मागची खोली लहान मुलींसाठी चांगली नाही. कारण विचारलं तर सांग की पूर्वी त्या खोलीत साप निघाला होता, दोनदा. मुलींच्या आयांच्या कानावर गेलं की त्या आपोआप नको म्हणतील.

तू पुन्हा त्या खोलीत गेलीस तर पलंगाच्या जागेवर उभी राहू नकोस. भिंतीकडेने चाल.

तिथल्या फरशीवर पांढरं काही फुटलंय का? मिठासारखं? सांध्यांत? बघ, पण हात लावू नकोस.

तुझा,
ठोक्या


२४ फेब्रुवारी

चि. ठोक्यास आशीर्वाद.

साप! आपल्या घरात साधी पाल निघाली तरी तू पलंगावर चढून बसायचास आणि आता म्हणे दोन साप. तरी तू एवढं लिहिलंस म्हणून मी गेले आणि सांगितलं. खोटं बोलताना माझे कान लाल होतात, हे बाईंना कसं ठाऊक असणार! पण त्यांनी ते मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी साप पकडणाऱ्याला बोलावलं. त्याने घर, अंगण, मोऱ्या, सगळं पाहिलं आणि लिहून दिलं की घरात उंदीरसुद्धा नाही.

बाईंनी मला बोलावून सरळ विचारलं, "तुम्हाला या घराची एवढी माहिती कशी?"

मग मला राहवलं नाही. मी सांगून टाकलं. अप्पांचं बाइंडिंगचं काम, कागद कापायच्या मशीनसाठी काढलेलं कर्ज, ते कसं थकलं, ताबा घ्यायला आलेली सहा माणसं, आणि शेवटी अप्पा बाहेरच्या पायरीवर बसून राहिले, पायरी कोणाच्या मालकीची हे कोणी नक्की सांगेना म्हणून.  सापाबद्दल बाई काही बोलल्या नाहीत, मीही बोलले नाही.

आता पुढचं. काल त्या आपल्या खोलीवर आल्या होत्या. अप्पांच्या समोर बसल्या आणि म्हणाल्या, "ज्यांनी घर बांधलं, त्यांच्या हातून वर्ग सुरू व्हावा अशी माझी इच्छा आहे."  मला वाटलं, अप्पा आता उठून आत जातील. पण त्यांनी विचारलं, "मागच्या खोलीत ऊन अजून खिडकीच्या खालच्या पट्टीपर्यंत येतं का?" बाई म्हणाल्या, येतं. अप्पा म्हणाले, "मग येतो."

कार्यक्रम ९ मार्चला, रविवारी सकाळी दहाला. बाई त्यांच्यासाठी हाताची खुर्ची ठेवणार आहेत, खोलीच्या मधोमध, आईच्या पलंगाच्या जागी. तिथे आवाज सगळ्यात छान घुमतो म्हणून. अप्पांनी पांढरा शर्ट काढून मला इस्त्रीला दिला. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे आपणहून काही मागितलं आहे.

आणि हो, पांढरं फुटलंय. चार फरश्यांभोवती खडूने चौकोन आखावा तशी रेघ. बाई म्हणाल्या की रोज पुसतात, रोज परत येते, आता अ‍ॅसिडने धुणार आहेत.

तू असं का विचारलंस?

ताई


१ मार्च

ती. ताईस सा. न.

हे पत्र अप्पांसमोर वाचू नकोस.

त्या चार फरश्यांखाली जमीन नाही. टाकी आहे.

तू तेव्हा शिवणकाम शिकायला मावशीकडे होतीस, म्हणून तुला अर्धंच ठाऊक आहे. अप्पांनी घर बांधताना पाण्यासाठी नऊ फूट खोल टाकी खणली होती, परवानगी न घेता. पुढे नळ आले, टाकी कोरडी पडली. तिच्यावर लाकडी झाकण होतं आणि ते झाकण तुला आठवत असेल. कर्जाच्या वेळी बँकेचा माणूस घराची किंमत ठरवायला येणार होता. बिनपरवानगीची टाकी दिसली तर कर्ज अडेल म्हणून अप्पा मला म्हणाले, "डबर टाकून भरून घे आणि वर फरशी बसव." दगड-विटांच्या डबराची गाडी गुरुवारी येणार होती. बँकेच्या माणसाने निरोप पाठवला की मी बुधवारीच येतो.

मी टाकीच्या तोंडावर लोखंडी अँगल आडवे टाकले, त्यावर प्लायचे दोन थर, वर सिमेंटचा माल आणि फरशी. एका दिवसात. तो माणूस आला, त्याच फरशीवर उभा राहिला आणि "काम उत्तम" असं लिहून गेला. अप्पांनी मला विचारलं, "भरलीस ना नीट?" मी म्हणालो, "भरली."

गुरुवारी डबर आलं. ते मी शेजाऱ्याच्या ओट्यात टाकायला दिलं. आज उघडू, उद्या उघडू करत राहिलो. ताई, खरं सांगतो, आळस थोडा होता, पण सांधा इतका छान आला होता की फोडायला हात होईना. तसा सांधा मला त्याआधी आला नव्हता. नंतरही आला नाही. वर आईचा पलंग सरकवला म्हणजे कोणी त्यावर चालणार नाही, एवढी काळजी घेतली. आईचं शेवटचं वर्ष त्या पलंगावर गेलं.

ताब्याच्या दिवशी मी का आलो नाही, हे तू अकरा वर्षं विचारलं नाहीस. मी आलो होतो. स्टँडवर उतरलो. घरी आलो असतो तर त्या सहा माणसांना टाकीचं सांगावं लागलं असतं, आणि अप्पा ऐकत उभे असते. मी त्याच गाडीने परत फिरलो. मग घर रिकामं आहे असं कळलं आणि मी ते डोक्यातून काढून टाकलं. निदान तसं समजत होतो. इथे हॉटेलात एखादी फरशी पोकळ बोलली की मी ती उखडून पुन्हा बसवतो. मुकादम हसतो.

घुमणारा आवाज टाकीचा आहे. गारवा टाकीचा आहे. पांढरं फुटतंय म्हणजे खालून ओल येते आहे, कुठूनतरी पाणी झिरपत असणार. मग चौदा वर्षांच्या प्लायमध्ये काय उरलं असेल आणि अँगल किती गंजले असतील, ते मी लिहीत नाही. अ‍ॅसिड सांध्यात गेलं तर उरलंसुरलं जाईल.

जागा अशी: खिडकीकडून मोजलीस तर तिसरी आणि चौथी रांग, डाव्या भिंतीकडून पाचवी आणि सहावी फरशी. त्यावर कोणालाही उभं राहू देऊ नकोस.

ठोक्या


५ मार्च

ठोक्या,

पत्र काल दुपारी मिळालं. शिलाई तशीच मशीनवर टाकून मी धावत गेले. आता काय झालं ते ऐक. हे पत्र टपालात टाकत नाही, गाडीच्या कंडक्टरकडे देते, म्हणजे उद्या तुझ्या हातात पडेल.

मी बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आधी साप. आता टाकी. पुढच्या आठवड्यात काय निघणार आहे?"

मी म्हणाले, "बाई, साप खोटा होता. हे खरं आहे."

"खोटं होतं हे तुम्ही आता सांगताय. त्या दिवशीही असंच माझ्या डोळ्यांत बघून बोलला होतात."

 साप मी तुझ्या सांगण्यावरून सोडला होता, ठोक्या, आणि तो आता माझ्याच गळ्यात पडला.

मी तुझं पत्र दाखवलं. त्यांनी कपाटातून कागद काढला. बँकेच्या माणसाचा अहवाल, घराच्या कागदांबरोबर त्यांच्याकडे आला आहे. त्यात लिहिलंय: तळमजला, फरशी, बांधकाम भक्कम. म्हणाल्या, "बँक खोटं लिहील आणि ज्यांचं घर गेलं ते खरं लिहितील, असं मी समजायचं?" तरी त्यांनी माझ्यासमोर एका मिस्त्रीला बोलावलं. त्याने गुडघ्यावर बसून त्या चौकोनावर हात फिरवला, नखाने सांधा शोधला आणि म्हणाला, "इथे काही उघडलेलं-झाकलेलं दिसत नाही. असं काम झाकणाचं नसतं हो, हे मूळचं आहे." जाताना वर आणखी म्हणाला, "हात सोन्याचा होता त्या माणसाचा."

नगरपालिकेत गेले. कारकुनाने नकाशा काढला. नकाशात टाकी नाही. जी टाकी नाही तिची तक्रार कशी नोंदवू, असं तो विचारतो. सोमवारी साहेबांना भेटा म्हणाला.

शेवटी बाई जरा मऊ झाल्या. म्हणाल्या, "तुमचं दुःख मला कळतं. माझं घर गेलं असतं तर मलाही त्यात दुसऱ्याला नाचताना बघवलं नसतं." ठोक्या, असं कोणी समजुतीने बोललं की भांडतासुद्धा येत नाही.

अप्पांना सांगावंच लागलं. तुझं पत्र पूर्ण वाचून दाखवलं. आईच्या पलंगाचं तेवढं गाळलं.  अप्पा म्हणाले, "हे त्याने लिहिलेलं नाही. तू लिहिलं आहेस, मी जाऊ नये म्हणून." अक्षर दाखवलं तर चष्मा काढून ठेवला. म्हणाले, "त्याला मी विचारलं होतं, भरलीस का. तो माझ्याकडे बघून हो म्हणाला. पोरगा माझ्याशी खोटं बोलला नाही."

आता फरशी कुठून वेगळी होते हे सांगणारा जगात एकच माणूस आहे. तू ये.

ताई


७ मार्च

ताई,

हे पत्र त्याच कंडक्टरकडे देतो. शनिवारच्या गाडीने निघतो. रविवारी सकाळी साडेनऊला स्टँडवर. छिन्नी, हातोडी आणतो.

अप्पांना मीच सांगतो. तू काही बोलू नकोस.

ठोक्या


९ मार्च, सकाळचे सव्वासात

ठोक्या,

हे पत्र स्टँडवरच्या चहावाल्याकडे ठेवते आहे. तू गाडीतून उतरलास की तो देईल. तुझं वर्णन सांगितलं, "फूटपाथवर पायाने ठोकत उभा असेल तो." तो म्हणाला, "कळलं."

काल मुकादमाला फोन केला होता. म्हणाला, तू सकाळीच पेटी उचलून गेलास, कुठे ते सांगितलं नाहीस. म्हणजे तू निघालास असं धरून चालते.

घरी येऊ नकोस, इथे कोणी नसेल. अप्पा सहा वाजल्यापासून शर्ट घालून बसले आहेत. बाई नऊला गाडी पाठवणार आहेत. त्यांना कोंडून ठेवावं असं मनात आलं होतं, दाराच्या कडीला हातही लावला. पण ज्याच्या तोंडावर एकदा दार बंद झालं, त्याच्यावर मी पुन्हा कडी लावू? आणि लावली तरी त्या बावीस मुली तिथे असणारच.

काल संध्याकाळी पडदे लावायला गेले होते. अ‍ॅसिडने धुऊन झालंय. पांढरी रेघ गेली आहे, त्या जागी सांधा केसाएवढा काळा दिसतो. पहिल्यांदाच दिसला मला. मी एका पायाने हळूच दाबून पाहिलं. आवाज पूर्वीसारखा घुमला नाही. चिखलात पाय पडावा तसा आला. बाईंनाही ते जाणवलं. म्हणाल्या, "ओली आहे, वाळली की परत बोलेल."

खुर्ची मी दोनदा भिंतीशी सरकवली. दोन्ही वेळा बाईंनी ती परत जागेवर आणली. तिसऱ्या वेळी हात लावला तेव्हा त्या म्हणाल्या, "आता पडद्यांचे पैसे घ्या आणि उद्या फक्त पाहुण्या म्हणून या." पैसे घेतले नाहीत. मी डाव्या भिंतीशी उभी राहणार आहे, तिसऱ्या-चौथ्या रांगेच्या समोर. पिशवीत अप्पांची बाइंडिंगची हातोडी आहे. पण खुर्चीवर ते बसलेले असताना मी घाव कुठे घालू? मी उठा म्हटलं तर ते उठणार नाहीत. तुझ्याशिवाय कोणाच्याही शब्दावर उठणार नाहीत.

कार्यक्रम असा आहे, बाईंनी कागदावर लिहून दिला. दहाला बाईंचे चार शब्द. दहा वाजून दहा मिनिटांनी अप्पांचे दोन शब्द, बसूनच. सव्वादहाला मुली खुर्चीभोवती गोल उभ्या राहतील आणि बावीस जणी मिळून पहिलं पाऊल एकदम आपटतील, पाहुण्यांना जमिनीचा आवाज ऐकवायला.

स्टँडपासून गल्ली चालत बारा मिनिटं, धावत सहा. बाजाराच्या वळशाने येऊ नकोस, सरळ गल्लीतून ये. दार उघडंच असेल. आत आलास की कोणाकडे बघू नकोस, अप्पांसमोर उभा राहा आणि त्यांच्या तोंडावर सांग की भरली नव्हती.

गाडी वेळेवर असेल तर तू हे वाचतोयस तेव्हा साडेनऊ झाले असतील. परतीची गाडी समोरच्याच फलाटावर उभी असेल, पावणेदहाला सुटते.

ताई